काय सोडायचं, किती सोडायचं : उपयोजित गणिताचं एक सेमिस्टर

एम.एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरला एक इलेक्टिव्ह निवडायचं असतं. आमच्या यादीत नंबर थिअरी होतं, ग्राफ थिअरी होतं आणि सगळ्यात खाली ‘आधुनिक उपयोजित गणिताची ओळख’. सीनियर मंडळींचं मत एकमुखी होतं : नंबर थिअरी घे, मार्क पडतात, सेट-नेटलाही कामी येतं, अप्लाइड घेतलंस तर दर आठवड्याला लॅब, जर्नल आणि वर प्रोजेक्ट. सल्ला खराच होता. तरीही मी सगळ्यात खालच्या नावावर खूण केली. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी डिफरन्शियल इक्वेशन्स सोडवत आलो होतो, पण त्यातलं एखादं समीकरण मुळात आलं कुठून असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. प्रश्नात ‘सोडवा’ लिहिलेलं असायचं, आम्ही सोडवायचो.

पहिल्याच तासाला मॅडमनी एका फोटोची झेरॉक्स वाटली. जमिनीवर टेकलेला पांढरा गोळा, खाली १०० मीटरची पट्टी आणि वेळ : ०.०२५ सेकंद. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुस्फोटाचा तो फोटो. “पट्टी घ्या, गोळ्याची त्रिज्या मोजा आणि स्फोटाची ऊर्जा किती ते सांगा,” एवढंच मॅडम म्हणाल्या. वर्गात शांतता. कुणीतरी विचारलं, “मॅडम, फॉर्म्युला?” त्या म्हणाल्या, “तोच तर काढायचाय.”

मग फळ्यावर प्रश्नोत्तरं सुरू झाली. गोळा किती मोठा होणार हे कशावर ठरेल? ऊर्जेवर. किती वेळ गेला त्यावर. आजूबाजूची हवा ढकलायची आहे, म्हणून हवेच्या घनतेवर. आता या तिघांची एककं घ्या आणि त्यातून मीटर तयार करून दाखवा. खटपट केली की दिसतं, मार्ग एकच आहे : ऊर्जा गुणिले वेळेचा वर्ग, भागिले घनता आणि त्या सगळ्याचं पाचवं मूळ. पुढे जो स्थिरांक येईल तो एकच्या आसपास धरायचा. फोटोत त्रिज्या साधारण १४० मीटर येते, हवेची घनता घनमीटरला १.२ किलो. उत्तर येतं १० चा चौदावा घात ज्यूल, म्हणजे जवळपास २५ किलोटन (२५ हजार टन) टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी हेच गणित प्रसिद्ध झालेल्या फोटोंवरून फार काटेकोरपणे केलं आणि १९५० मध्ये छापलं. त्यांचं उत्तर सुमारे १६,८०० टन होतं. आजचा अंदाज २५ किलोटनांच्या आसपास आहे. आमचं ढोबळ उत्तर टेलरपेक्षा जवळ गेलं म्हणून मागच्या बाकांवर जरा कुजबुज झाली, ती मॅडमनी लगेच थांबवली. त्रिज्या मोजताना दहा टक्क्यांची चूक झाली तर ऊर्जा साठ टक्क्यांनी बदलते, कारण पाचवा घात आहे. जवळ जाणं हा योगायोग. दहा-वीस किलोटनांच्या घरात पोचणं हा मात्र योगायोग नाही.

तास संपता संपता त्यांनी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे लिहिलं ‘धरलेलं’, उजवीकडे ‘सोडलेलं’. डावीकडे तीनच गोष्टी आल्या. उजवीकडे आम्ही सांगत गेलो : बाहेरच्या हवेचा दाब, तापमान, बॉम्बचा आकार, खालची जमीन, किरणांबरोबर निघून गेलेली उष्णता. उजवी यादी मोठी झाली. “आता यातली प्रत्येक गोष्ट का सोडता आली ते जर्नलमध्ये लिहायचं,” असं सांगून त्या गेल्या. पुढे सेमिस्टरभर प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी हे दोन रकाने आलेच. दहातले दोन मार्क ‘सोडलेलं’ या रकान्याला असत आणि ते सहजी कुणालाच मिळत नसत. ‘घर्षण नगण्य मानले’ एवढं लिहून भागत नसे. नगण्य म्हणजे कशाच्या तुलनेत, हा लाल शाईतला शेरा माझ्या जर्नलमध्ये कितीतरी ठिकाणी आहे.

पायथन ही संगणकाची भाषा शिकण्यात गेलेल्या पहिल्या आठवड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ज्यांना येत होतं त्यांना कंटाळा आला, बाकीच्यांना घाम फुटला. त्यातली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगितली की संगणक ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देतो, कारण संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत ०.१ हा आकडा संपतच नाही, कुठेतरी तोडावा लागतो. आम्ही हसलो. तेव्हा मॅडमनी २५ फेब्रुवारी १९९१ची गोष्ट सांगितली. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानला पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा शंभरेक तास सतत चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने मोजायचं आणि तो ०.१ चोवीस बिटांवर तोडलेला होता. शंभर तासांत चूक साचत साचत सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी झाली. येणारं स्कड क्षेपणास्त्र यंत्रणेला सापडलंच नाही आणि २८ अमेरिकी सैनिक गेले. शेपूट तोडणं हेही सोडणंच. फक्त ते आपण करत नाही, यंत्र आपल्या नकळत करतं.

फेब्रुवारीत साथींचं मॉडेल आलं. सेमिस्टरमधला माझा सगळ्यात आवडता भाग हा.

कोविडच्या काळात ‘आर-नॉट’ (एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा) हा शब्द सगळ्यांच्याच कानांवरून गेला होता. त्यामागचं मूळ मॉडेल १९२७चं, केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचं. लोकसंख्येचे तीन गट करायचे : लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसं कोणत्या वेगाने जातात याची तीन समीकरणं. दोघंही एडिनबराला काम करायचे. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती, म्हणजे हे सगळं काम त्यांनी डोळ्यांशिवाय केलेलं. मॅकेंड्रिक डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये बरीच वर्षं काढलेले, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये राहिलेले. त्यामुळे असेल कदाचित, त्यांनी आपलं मॉडेल ताडून पाहायला जी साथ घेतली ती मुंबईतली होती : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात प्लेगने आठवड्याला किती माणसं गेली त्याची आकडेवारी.

प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७चं पुणं, रँड आणि चाफेकर बंधू आठवतात. मुंबईत १८९६ मध्ये आलेला प्लेग नंतर वर्षानुवर्षं दर मोसमात परतत राहिला, हे मला तोवर माहीतही नव्हतं. एडिनबरात बसलेल्या दोन माणसांचा जगभर शिकवला जाणारा आलेख आपल्या गिरगाव-मांडवीतल्या मयतांचा आहे हे कळल्यावर त्या ठिपक्यांकडे बघायची नजरच बदलली.

लॅबमध्ये आम्ही तो वक्र काढला. त्यांचं सूत्र आठवड्याला ८९० मृत्यू हा शिखराचा आकडा देतं आणि शिखर येतं सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. घंटेच्या आकाराचा वक्र ठिपक्यांवरून इतका सुबक जातो की जर्नलमध्ये चिकटवून ठेवावासा वाटतो. आम्ही चिकटवलाही. मग पुढचा प्रश्न आला : याच वक्रावरून, प्लेग झालेला माणूस सरासरी किती काळ दुसऱ्यांना लागण करत होता ते काढा.

प्रश्न साधा वाटला. वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं की एकूण मृत्यू मिळतात : साधारण ८,९००. प्लेगमध्ये दहातले आठ-नऊ रुग्ण दगावायचे, म्हणून मृत्यू म्हणजेच रुग्ण धरायला हरकत नाही. तेव्हाची मुंबई जवळपास दहा लाखांची. म्हणजे शंभरात एकालाही लागण झाली नाही आणि साथ आपोआप ओसरली. मॉडेलनुसार असं व्हायचं असेल तर आर-नॉट एकच्या अगदी काठावर हवा : १.००४५ च्या आसपास. एक रुग्ण जेमतेम एकाला लागण करतो. पण दुसरीकडे सुरुवातीच्या आठवड्यांत मृत्यू तर दर आठवड्याला दीडपट होत होते. आर-नॉट इतका काठावर आणि वाढ एवढी झपाट्याची, हे दोन्ही एकदम जमवायचं तर प्रत्येक रुग्णाने फार म्हणजे फारच घाईने आपली लागण पुढे देऊन मोकळं व्हायला हवं. आकडे घातले. उत्तर आलं दोन तास.

शेजारच्या बाकावरची बेळगावची मैत्रीण स्वतंत्रपणे करत होती, तिचंही तेच. तिने एककं तपासली, मी लोकसंख्या बदलून पाहिली. दोन तास म्हणजे दोन तास. माणसाला प्लेगची लागण होते, तो दुसऱ्याला देतो आणि दुपारच्या जेवणाआत मरतो किंवा बरा होतो.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “कर्व्ह बसला म्हणून मॉडेल बसलं असं नसतं. त्या वक्रात किती आकडे आहेत?” तीन : शिखराची उंची, रुंदी, जागा. “आणि मॉडेलमध्ये न कळलेल्या गोष्टी किती?” चार : सुरुवातीला लागण होऊ शकणारे किती, लागण झालेले किती, लागणीचा वेग आणि बरं होण्याचा किंवा मरण्याचा वेग. तीन आकड्यांवरून चार गोष्टी निघत नाहीत. चौथी आपण आपल्या मनाने घातली, पूर्ण मुंबई. मनाने घातलेल्या गोष्टीनेच तो दोन तासांचा विनोद केला.

मग त्यांनी मूळ लेखातला तो परिच्छेद वाचायला दिला. दोघं लेखक किती सावध होते ते तिथे दिसतं. माणसातला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपण काय काय गृहीत धरतोय त्याची यादीच त्यांनी दिली आहे : सगळ्या उंदरांना सारखाच धोका, पिसवा इतक्या की संसर्ग जणू स्पर्शाने व्हावा, वगैरे. आणि खाली स्पष्ट लिहिलंय की यातलं काहीही काटेकोरपणे खरं नाही, म्हणून हे समीकरण फार ढोबळ समजावं. पुढे वक्र सगळ्यांनी उचलला, यादी कमीच लोकांनी. शिवाय मुंबईचा प्लेग ऋतूबरोबर चालायचा. हिवाळ्यात वाढायचा, मार्च-एप्रिलमध्ये कळस गाठायचा, उन्हाळा चढला की उतरायचा. तेव्हा तो वक्र खाली आला तो लागण होण्याजोगे जीव संपत आले म्हणून, की पिसवांना ऊन सोसेना म्हणून? एका मोसमाच्या ठिपक्यांवरून ते सांगता येणार नाही. माझ्या जर्नलमध्ये त्या दिवशीच्या उजव्या रकान्यात ‘उंदीर, पिसवा, ऋतू’ असं आहे आणि दोनपैकी दोन मार्क आहेत.

मार्चमध्ये फूरिए आला, म्हणजे आवाजासारखी लाट साध्या कंपनांत फोडून बघायची त्याची पद्धत. वर्गातला एक जण विशारदची तयारी करत होता, तो आपला तबला घेऊन लॅबमध्ये आला. त्याआधी आम्ही ताणलेल्या गोल पडद्याचं समीकरण सोडवलं होतं. तार छेडली की तिच्या मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पट्टीत कंपनं मिळतात, म्हणून तार सुरात वाजते. गोल पडद्याचं तसं नसतं. तिथे बेसल फंक्शन्स येतात आणि कंपनांची प्रमाणं येतात १, १.५९, २.१४, २.३०, २.६५. यात कसलाही सूर नाही. ताशा, ढोल सगळ्यांचं हेच. मग तबला सुरात कसा लागतो?

त्याने मायक्रोफोनसमोर दायाँवर ‘तीं’ वाजवलं, नंतर ‘ना’. सेकंदाला ४४,१०० नमुने, एक सेकंदाचा तुकडा. साध्या पद्धतीने त्याचं फूरिए रूपांतर करायचं तर १९० कोटींच्या वर गुणाकार. एफएफटीने (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म, तेच काम झटपट करायची युक्ती) साधारण सात लाखांत काम होतं. कूली आणि टुकी यांनी ही पद्धत १९६५ मध्ये छापली. तेव्हा निकड होती ती भूकंपमापकांवरून सोव्हिएत अणुचाचण्या ओळखण्याची. नंतर लक्षात आलं की गाउसने १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षांसाठी हीच युक्ती वहीत लिहून ठेवली होती.

पडद्यावर शिखरं उमटली तेव्हा वर्गातून खरोखर ‘अरे!’ असं निघालं. ‘तीं’ची शिखरं पहिल्याच्या दुपटीला, तिपटीला, चौपटीला इतकी जवळ की पट्टी लावून खुणा कराव्यात. ‘ना’मध्ये सगळ्यात खालचं शिखर जवळजवळ दबलेलं, कारण ‘ना’ वाजवताना अनामिका पुडीला हलकी टेकलेली असते आणि ती ते कंपन मारते. वादकाला हे बोटांत माहीत होतं, त्याने ते आकड्यांत पहिल्यांदा पाहिलं. हे सगळं घडवते ती शाई, पुडीवरचा काळा गोल. पडद्याच्या मधोमध वजन वाढवलं की प्रमाणं सरकतात, आणि थरावर थर घोटून ती नेमकी पूर्णांकांवर आणून बसवलेली आहेत. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर हे दाखवलं : पहिली नऊ कंपनं पाच सुरेल गटांत येऊन बसतात. समीकरणात शाई घालायची म्हणजे घनता जागेनुसार बदलायची, आणि मग ते हाताने सुटत नाही, संगणकाला द्यावं लागतं. इथे रकाना उलटा झाला. आपण ज्याला ‘घनता सर्वत्र समान’ म्हणून बेधडक सोडतो, नेमकी तीच गोष्ट शतकानुशतकं तबला बनवणाऱ्यांनी धरून ठेवली.

एसव्हीडीवर (सिंग्युलर व्हॅल्यू डिकंपोझिशन) दोनच लॅब झाल्या. फोटो म्हणजे आकड्यांची मॅट्रिक्स. तिचे महत्त्वाच्या क्रमाने तुकडे करायचे, वरचे ठेवायचे, बाकीचे सोडायचे. ५१२ गुणिले ५१२ च्या फोटोचे पहिले वीस तुकडे ठेवले तर २,६२,१४४ आकड्यांऐवजी २०,५०० पुरतात, आणि यापेक्षा चांगली वीस तुकड्यांची नक्कल शक्यच नाही हे एकार्ट आणि यंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलंय. मी लॅबच्या खिडकीचा फोटो घेतला होता. खिडकीचे उभे-आडवे गज पाच-सात तुकड्यांतच ठसठशीत उभे राहिले. बाहेरचा गुलमोहर चाळीस तुकड्यांनंतरही चिखल. ही पद्धत उभ्या-आडव्याची लाडकी आहे, तिरक्या फांद्यांचं तिला वावडं. पुस्तकात हे कुठे मला दिसलं नव्हतं.

लिनिअर प्रोग्रॅमिंगला, म्हणजे ठरावीक मर्यादांत राहून सगळ्यात फायद्याचं उत्तर शोधायच्या गणिताला, तर एकच तास मिळाला, कारण मध्ये सुट्ट्या आल्या. डँट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ची. व्यवहारात ती झपाझप चालते, पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असं उदाहरण रचलं की ती एकेक करत मर्यादांनी आखलेल्या आकृतीचे सगळे कोपरे हिंडत बसते. मग १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये नरेंद्र करमरकरांनी कोपऱ्या-कोपऱ्याने न जाता आतून वाट काढणारी पद्धत दिली. आयआयटी मुंबईचा माणूस, आडनाव करमरकर, आणि वर्गातल्या तिघांनीच नाव ऐकलेलं. या विषयाला एक तास ही चेष्टाच होती, हे मी फीडबॅक फॉर्ममध्येही लिहिलं.

प्रोजेक्टला मी घराचं छप्पर घेतलं.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. जुनं घर माळवदाचं होतं. लाकडी सरांवर फळ्या आणि त्यावर फूट-सव्वा फूट माती. काही वर्षांपूर्वी ते उतरवून आरसीसी स्लॅब टाकला, पाच इंची. गळकं घर गेलं याचा आनंद पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकला, आणि पहिल्या एप्रिलपासून ‘माळवदच बरं होतं’ हे आजीचं पालुपद सुरू झालं. आजीचं म्हणणं आकड्यांत मांडता येतं का, एवढाच माझा प्रोजेक्टचा विषय.

उष्णतेचं समीकरण फूरिएचंच, १८२२ च्या ग्रंथातलं. वरच्या पृष्ठभागाचं तापमान चोवीस तासांत लाटेसारखं वरखाली होतं असं धरलं की ती लाट आत शिरताना दोन गोष्टी होतात : ती विरते आणि तिला उशीर होतो. किती खोलीवर विरते ते पदार्थावर ठरतं. सुक्या मातीसाठी साधारण १२ सेंटिमीटर, काँक्रीटसाठी १५. तेवढ्या खोलीवर लाट सदतीस टक्के उरते आणि पावणेचार-चार तास मागे पडते. आता माळवद ३६ सेंटिमीटर धरा, म्हणजे तिप्पट खोली. वरच्या चढउताराचा विसावा हिस्साच खाली पोचतो, आणि तोही साडेअकरा तास उशिराने. दुपारी दोनचं ऊन रात्री दीडला घरात येतं, तेही नावापुरतं. स्लॅब बारा सेंटिमीटर. तिथे पंचेचाळीस टक्के चढउतार आत येतो, अवघ्या तीन तासांत. दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी पाचला डोक्यावर.

हेच गणित वर्षाच्या लाटेला लावलं तर खोली एकोणीसपट होते, कारण ३६५ चं वर्गमूळ एकोणीसच्या पुढे आहे. म्हणजे मातीत सव्वादोन मीटर. सातेक मीटर खाली गेलं की ऋतू उलटे होतात, वर मे असताना खाली थंडीचा नंबर. पण तोवर लाट चारच टक्के उरलेली असते, म्हणून तिथलं तापमान जवळपास बारमाही एकच. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट लागतं ते पाण्यामुळे कमी आणि आपल्या गारठलेल्या हातांमुळे जास्त. हे प्रोजेक्टमध्ये बसत नव्हतं, तरी मी घातलं.

एप्रिलमध्ये गावी जाऊन स्लॅबच्या वर आणि खाली स्वस्तातले सेन्सर चिकटवले. वर कमाल ५४ अंश, किमान २४. खाली कमाल ४६, किमान २७. म्हणजे तीस अंशांच्या चढउतारापैकी एकोणीस खाली पोचले : पंचेचाळीस टक्के नाही, साठच्या वर. उशीरही तीन तासांचा नाही, जेमतेम सव्वादोनचा. स्लॅब मॉडेलपेक्षाही वाईट निघाला. आजी खूश.

प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी दुसऱ्याच स्लाइडवर बोट ठेवलं. “खालच्या बाजूला अट काय लावलीय?” मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. साध्या सूत्रात स्लॅबला खालची बाजूच नसते; काँक्रीट अनंत खोल आहे असं धरलेलं असतं. जाड माळवदाला ते चालून जातं, कारण लाट तळाशी पोचेपर्यंत मेलेली असते, खाली खोली आहे की पाताळ, तिला फरक पडत नाही. पाच इंची स्लॅबमध्ये ती जिवंत पोचते आणि पुढे काँक्रीट नसल्याने उष्णता तिथे तुंबते. खालची हवा उष्णता अजिबात घेत नाही असं धरलं तर ८९ टक्के येतात; हवेचं तापमान कायम एकच आहे आणि ती पंख्याविना जेवढी घ्यायची तेवढी घेते असं धरलं तर ५८. माझं मोजमाप या दोघांच्या मध्ये. हे सगळं पुढच्या स्लाइडवर होतं.

“मग उपाय काय? जाडी वाढवायची?” जाडी दुप्पट केली तर फरक पडतो, पण खालचे बीम त्या वजनासाठी घातलेले नाहीत. त्यापेक्षा वरची लाटच बुटकी करायची, म्हणजे स्लॅबला चुना मारायचा. समीकरण रेषीय आहे, वर चढउतार एक तृतीयांशाने कमी झाला तर खालीही तेवढाच कमी होणार. वडिलांनी मेमध्ये चुना मारला. मी परत सेन्सर लावले, पण मध्येच वळीव आला आणि आकड्यांत नुसता गोंधळ.

सरांनी शेवटी तेच विचारलं : “ओल्या स्लॅबचं काय? पाणी मुरलं की काँक्रीटचे गुण बदलतात, शिवाय वरून वाफ होऊन उष्णता जाते. तुझ्या रकान्यात ते दिसत नाही.” दिसत नव्हतं, कारण एप्रिलच्या मोजमापाला त्याची गरज नव्हती. मी तसं सांगितलं. मॅडमनी मान हलवली, सरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा विद्यार्थी बोलावला. ग्रेड ‘ए’ आली. तिसऱ्या सेमिस्टरला फायनाइट एलिमेंट मेथड घेतलंय, आणि जुलैत गावी गेलो की सेन्सर पुन्हा लावायचे आहेत, या वेळी वॉटरप्रूफ टेप घेऊन.